अठ्ठेचाळीस, एकोणीस आणि कोल्हापूरचे दोन उमेदवार

या सदराकडे गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांमध्ये संसदेतील महाराष्ट्राच्या प्रतिनिधित्वाविषयीची पत्रे सर्वांत जास्त होती. काही वाचकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता, म्हणून अशी पत्रे एकत्र केली आहेत. मतदारसंघांचे आकडे अनेकांना पाठ असतात, पण ते आकडे आले कुठून, हे शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही फारसे सांगितलेले नसते. त्यामुळे काही उत्तरे नेहमीपेक्षा लांबली आहेत.

प्रश्न : आमचे गाव शिरोळ तालुक्यात आहे. जिल्हा कोल्हापूर, पण कोल्हापूरच्या खासदाराला मत देण्याचा अधिकार आम्हाला नाही. उलट, आमचा खासदार निवडताना सांगली जिल्ह्यातील शिराळ्याचे लोक मतदान करतात. हा काय प्रकार आहे?

आपल्या मतदार यादीचे पहिले पान काढून पाहावे. तिथे विधानसभा मतदारसंघ म्हणून ‘२८०-शिरोळ’ आणि लोकसभा मतदारसंघ म्हणून ‘४८-हातकणंगले’ असे छापलेले आढळेल. लोकसभेचा मतदारसंघ विधानसभेचे मतदारसंघ जोडून तयार होतो, जिल्हा हा त्याचा हिशेब नव्हे. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा आहेत आणि लोकसभेच्या ४८, म्हणजे एका खासदारामागे सहा आमदार. कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ असल्याने दोन खासदारांसाठी लागणारे बारा पुरे होत नाहीत. म्हणून चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर आणि कोल्हापूर उत्तर हे सहा ‘४७-कोल्हापूर’मध्ये गेले, तर शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ या उरलेल्या चारांना सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर व शिराळा हे दोन जोडून हातकणंगले मतदारसंघ तयार झाला.

हे चित्र २००८ च्या पुनर्रचनेनंतरचे आहे. त्यापूर्वी जिल्ह्यात विधानसभेच्या बारा जागा होत्या आणि हातकणंगलेऐवजी इचलकरंजी हा लोकसभा मतदारसंघ होता. सांगरूळ, पन्हाळा, वडगाव, गडहिंग्लज ही मतदारसंघांची नावे त्याच वेळी यादीतून गेली. जुन्या कार्यकर्त्यांच्या बोलण्यात ‘सांगरूळचा आमदार’ अजूनही येतो. राज्याच्या एकूण जागा न वाढवता त्या राज्याच्या आतच नव्याने वाटल्या गेल्या. ठाणे आणि पुण्याच्या बाजूला लोकसंख्या वाढली होती, तिकडे जागा गेल्या आणि आपल्याकडच्या दोन कमी झाल्या.

प्रश्न : महाराष्ट्राची लोकसंख्या एवढी वाढली, तरी लोकसभेत आपले खासदार ४८ च कसे? हा आकडा कोणी आणि कशावरून ठरवला? (इचलकरंजी, कसबा बावडा व गारगोटी येथील तीन वाचक)

राज्यघटनेच्या ८१ व्या अनुच्छेदाचे सूत्र साधे आहे. राज्याची लोकसंख्या आणि त्याला मिळणाऱ्या जागा यांचे प्रमाण सर्व राज्यांत शक्य तितके सारखे असावे आणि दर जनगणनेनंतर ते नव्याने जुळवून घ्यावे, अशी मूळ कल्पना होती. त्याप्रमाणे महाराष्ट्राचे खासदार १९६२ मध्ये ४४ आणि १९६७ मध्ये ४५ होते, आणि १९७१ च्या जनगणनेनंतर झालेल्या पुनर्रचनेमुळे १९७७ पासून ते ४८ झाले. तिथेच काटा थांबला.

तो थांबवण्याचे कारण कुटुंबनियोजन. ज्या राज्यांनी लोकसंख्येला आळा घातला त्यांच्या जागा कमी व्हाव्यात आणि ज्यांनी घातला नाही त्यांच्या वाढाव्यात, हे न्याय्य नव्हे, असा युक्तिवाद पुढे आला आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा २००१ पर्यंत १९७१ च्या आकड्यांवर गोठवल्या. ही मुदत संपत आली तेव्हा ८४ व्या घटनादुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. दरम्यान, एकाच राज्यात एक मतदारसंघ फुगलेला आणि दुसरा रोडावलेला अशी स्थिती झाली होती. म्हणून २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीने २००१ ची लोकसंख्या धरून राज्याच्या आतील सीमा बदलण्याची मुभा दिली. वर शिरोळच्या वाचकांना सांगितलेली पुनर्रचना हीच. राज्याचा वाटा १९७१ चा आणि राज्यातील वाटणी २००१ ची, असा आजचा दुहेरी हिशेब आहे.

परिणाम आकड्यांत पाहू. १९७१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती, म्हणजे एका खासदारामागे साधारण साडेदहा लाख माणसे. २०११ मध्ये ती ११ कोटी २४ लाख झाली आणि एका खासदाराच्या वाट्याला २३ लाखांहून अधिक माणसे आली. त्याच जनगणनेनुसार केरळात हे प्रमाण सुमारे पावणेसतरा लाख, तमिळनाडूत साडेअठरा लाख, उत्तर प्रदेशात पंचवीस लाख आणि राजस्थानात सव्वासत्तावीस लाखांच्या वर जाते. म्हणजे आज कोचीच्या मतदाराचे मत जयपूरच्या मतदाराच्या मतापेक्षा बरेच वजनदार आहे, आणि कोल्हापूरचा मतदार या दोघांच्या मध्ये, पण जयपूरच्या बाजूला झुकलेला आहे. पुनर्रचनेच्या वादात दक्षिणेकडील राज्ये एका बाजूला आणि उत्तरेकडील दुसऱ्या बाजूला, असे चित्र रंगवले जाते. त्यात महाराष्ट्र कोणत्या बाजूला, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. आमच्या मते ती व्हायला हवी, कारण आपला तोटा राजस्थानाएवढा नसला तरी केरळासारखा फायदाही आपल्याला नाही.

याच गोठवलेल्या आकड्याचा आणखी एक नमुना राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दिसतो. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५ धरले जाते. १९७१ ची लोकसंख्या २८८ ने आणि मग हजाराने भागली की हाच आकडा मिळतो. मुलांना गणित म्हणून घालण्यासारखे उदाहरण आहे.

जाता जाता, गारगोटीच्या वाचकांच्या उपप्रश्नाचे उत्तर : या ४८ पैकी अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर हे पाच अनुसूचित जातींसाठी आणि नंदुरबार, पालघर, दिंडोरी, गडचिरोली-चिमूर हे चार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. कोल्हापूर व हातकणंगले हे दोन्ही खुले आहेत.

प्रश्न : जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी आपल्या कोल्हापूरचेच दोन उमेदवार समोरासमोर होते. संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मते पडली आणि धनंजय महाडिक यांना २७. तरीही महाडिक विजयी कसे झाले? त्या वेळी आमच्या पेठेत या विषयावर रात्रभर वाद झाला आणि आजही मिटलेला नाही. (राजारामपुरी)

हा वाद मिटवण्याची संधी दिल्याबद्दल आभार. पेठेतील वादाला आकड्यांचा कंटाळा नसेल, असे गृहीत धरून सविस्तर सांगतो.

राज्यसभेसाठी तुम्ही-आम्ही मतदान करत नाही, विधानसभेचे निवडून आलेले सदस्य करतात. मतपत्रिकेवर फुलीऐवजी १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात, तेही निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच. मोजणीच्या सोयीसाठी प्रत्येक वैध मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात. मग एकूण मूल्याला जागांच्या संख्येपेक्षा एकाने जास्त असलेल्या आकड्याने भागून त्यात एक मिळवला की निवडून येण्यासाठी लागणारा कोटा निघतो.

त्या दिवशी २८८ पैकी एक जागा सदस्याच्या निधनामुळे रिकामी होती, तुरुंगात असलेल्या दोन सदस्यांना मतदानाची परवानगी मिळाली नाही, आणि पडलेल्या २८५ मतांपैकी एक मत आयोगाने बाद ठरवले. वैध मते २८४, म्हणजे २८,४०० मूल्य. जागा सहा, म्हणून भागायचे सातने. भागाकार ४०५७ आणि त्यावर एक, म्हणजे कोटा ४०५८. थोडक्यात, ४१ मतांना हात लागला की विजय पक्का.

पहिल्या पसंतीच्या मोजणीत भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८, तर महाविकास आघाडीचे इम्रान प्रतापगढी यांना ४४, प्रफुल्ल पटेल यांना ४३ आणि संजय राऊत यांना ४१ मते मिळाली. हे पाचही कोट्याच्या वर होते, त्यामुळे पाच जागा तिथेच भरल्या. उरली एक जागा आणि उरले आपले दोघे : आघाडीचे पवार ३३००, भाजपचे तिसरे उमेदवार महाडिक २७००.

खरी गंमत इथून पुढे आहे. विजयी उमेदवाराकडे कोट्यापेक्षा जास्त असलेले मूल्य वाया जात नाही. ज्यांनी त्याला पहिली पसंती दिली त्यांच्या दुसऱ्या पसंतीकडे ते वळते. गोयल यांचे ४८०० वजा ४०५८, म्हणजे ७४२ जास्तीचे, आणि बोंडे यांचेही तेवढेच. हे १४८४ मूल्य पूर्णपणे महाडिकांकडे वळले तर २७०० चे ४१८४ होतात आणि कोटा ओलांडला जातो. दुसऱ्या बाजूला प्रतापगढी यांचे ३४२, पटेल यांचे २४२ आणि राऊत यांचे अवघे ४२ मूल्य शिल्लक होते. हे सगळे, अगदी शेवटच्या आमदारापर्यंत, पवारांच्या पारड्यात गेले असे धरले तरी बेरीज ३९२६ च्या पुढे जात नाही. ४०५८ ला ते कमीच पडते.

तेव्हा पवारांना ‘जास्त मते’ होती हे पेठेतील एका बाजूचे म्हणणे खरे आहे आणि महाडिक नियमानेच निवडून आले हे दुसऱ्या बाजूचे म्हणणेही खरे आहे. भाजपने आपल्या पहिल्या दोन उमेदवारांना ४८-४८ मते देऊन जास्तीचा साठा एका जागी जमवला, तर आघाडीची जास्तीची मते तीन उमेदवारांमध्ये थोडी थोडी विखुरली. शिवाय अपक्ष व लहान पक्षांच्या आमदारांनी कोणाच्या नावापुढे १ लिहिला, यावर २७ आणि ३३ हे आकडेच ठरले होते. २००३ पासून राज्यसभेची मतपत्रिका गुप्त राहिलेली नाही. पक्षाच्या आमदाराला ती पेटीत टाकण्यापूर्वी आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते. अपक्षाने मात्र ती कोणालाही दाखवायची नसते. अपक्षांचे महत्त्व अशा वेळी एकदम का वाढते, हे यावरून ध्यानात यावे.

दर दोन वर्षांनी राज्यसभेतील एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. महाराष्ट्राच्या १९ जागा तीन सारख्या भागांत बसत नाहीत, म्हणून एका फेरीत सहा, दुसऱ्या फेरीत सहा आणि तिसऱ्या फेरीत सात जागांची निवडणूक होते. सात जागा असल्या की सर्व २८८ आमदारांनी मतदान केले तरी ३७ मतांत काम भागते. सहा जागांच्या वेळी ४२ लागतात. एका जागेच्या फरकाने लहान पक्षाचे नशीब बदलू शकते, ते असे.

प्रश्न : लोकसभेत ४८, मग राज्यसभेत १९ च का? अमेरिकेत प्रत्येक राज्याला दोनच सदस्य असतात म्हणे. (कागल)

आपल्याकडे राज्यांना समान जागा द्यायच्या नाहीत, असे घटना तयार करतानाच ठरले. त्याऐवजी पहिल्या ५० लाखांपर्यंत दर दहा लाखांना एक जागा आणि त्यापुढे दर वीस लाखांना एक जागा, असे चढत्या लोकसंख्येला थोडी कात्री लावणारे सूत्र स्वीकारले गेले. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात सुमारे ३ कोटी २० लाख लोक होते. पहिल्या ५० लाखांचे पाच, उरलेल्या २ कोटी ७० लाखांचे साडेतेरा, बेरीज साडेअठरा, म्हणून १९. वाचकांनी स्वतः करून पाहावे असा हा हिशेब आहे. घटनेच्या चौथ्या परिशिष्टात हा आकडा नोंदलेला आहे. उत्तर प्रदेशाला ३१, तमिळनाडूला १८ आणि गोव्याला एक जागा आहे.

प्रश्न : राज्यसभा म्हणजे राज्यांचे सभागृह. मग महाराष्ट्रातून बाहेरच्या राज्यातील माणूस कसा निवडून जातो? आणि कोल्हापूरला राज्यसभेत किती जागा आहेत? (गडहिंग्लज, शाहूपुरी)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. एकही नाही. राज्यसभेला जिल्हा माहीत नसतो. एकोणीसही सदस्य संपूर्ण राज्याचे असतात. २०१६ ते २०२२ या काळात संभाजीराजे छत्रपती राज्यसभेत होते, पण ते राष्ट्रपतींनी नियुक्त केलेल्या बारा सदस्यांपैकी होते. त्यामुळे ते कोल्हापूरचे असले तरी महाराष्ट्राच्या १९ मध्ये त्यांची गणना होत नव्हती. धनंजय महाडिक मात्र त्या १९ पैकी आहेत. पत्रांमध्ये या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ झालेली आढळली.

आता पहिला प्रश्न. २००३ पूर्वी ज्या राज्यातून निवडून जायचे त्या राज्याच्या मतदार यादीत नाव असणे कायद्याने आवश्यक होते. ही अट अनेकदा कागदोपत्री पाळली जात असे. मनमोहन सिंग १९९१ पासून २०१९ पर्यंत आसामचे प्रतिनिधी होते, हे सर्वांना आठवत असेल. २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन देशातील कोणत्याही मतदारसंघात नाव असणे पुरेसे ठरले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मतदार असलेले आमदार त्याच राज्याचे आहेत, तेवढ्याने सभागृहाचे स्वरूप टिकते, असा त्यामागचा विचार आहे. आम्हाला तो पूर्ण पटत नाही. खोटा पत्ता लिहिण्यापेक्षा अट काढून टाकणे प्रामाणिकपणाचे होते, हे मान्य, पण पंचगंगेच्या पुराचा प्रश्न मांडायला ती नदी पाहिलेला माणूस बरा, एवढी साधी अपेक्षा गडहिंग्लजच्या वाचकांनी ठेवली असेल तर ती गैर म्हणता येणार नाही.

प्रश्न : महिला आरक्षणानंतर महाराष्ट्रातून किती महिला खासदार असतील? (हुपरी)

४८ चा एक तृतीयांश म्हणजे १६. मात्र २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने हे आरक्षण त्यानंतरच्या जनगणनेवर आधारित पुनर्रचनेशी जोडले. जागांचा आकडाच बदलला तर १६ हाही बदलेल. राज्यसभेला ते लागू नाही. आपल्या भागापुरते सांगायचे तर निवेदिता माने यांनी १९९९ आणि २००४ मध्ये इचलकरंजीतून लोकसभा जिंकली, ती आरक्षणाविना.

प्रश्न : मी निपाणीत राहतो, सोयरीक सगळी कागल-गडहिंग्लजकडची, मासिक तुमचे वाचतो. माझा दिल्लीतला प्रतिनिधी कोण?

चिकोडी मतदारसंघाचा खासदार, म्हणजे कर्नाटकच्या २८ पैकी एक. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राचे खासदार लोकसभेत बोलू शकतात आणि बोलतातही, पण घटनेच्या दृष्टीने ते आपले प्रतिनिधी नव्हेत. राज्याची सीमा बदलण्याचा अधिकार तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे आणि त्यासाठी साधे बहुमत पुरते. संबंधित विधानसभेचे मत मागवावे लागते, संमती लागत नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो मार्ग याहून वेगळा आहे.

प्रश्न : ऊसबिल थकले की आम्ही लोकसभेच्या खासदाराकडे जातो, ते म्हणतात राज्य सरकारकडे जा. नेमके कोणाकडे जावे? राज्यसभेच्या खासदाराला पत्र लिहिले तर चालते का? (करवीर तालुका)

दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. ऊसाची एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) किती असावी, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार ठरवते. तो दिल्लीचा विषय आहे आणि त्यावर खासदाराने प्रश्न विचारणे उचितच आहे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल देण्याचे बंधनही त्याच आदेशात आहे, पण कारखान्याने ते पाळले नाही तर वसुलीची कारवाई पुण्यातील साखर आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांच्यामार्फत होते. थकीत बिलासाठी पहिला अर्ज तिकडेच द्यावा. खासदारांनी आपल्याला टाळले असे वाटले असेल, तरी उत्तर चुकीचे नव्हते. त्यांनी अर्ज कुठे द्यायचा तेवढे सांगायला हवे होते.

राज्यसभेच्या सदस्याला जरूर लिहावे. प्रश्न विचारण्याचा अधिकार दोन्ही सभागृहांत आहे. फक्त प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, प्रत्येक मंत्रालयाचे वार ठरलेले असतात आणि तोंडी उत्तराच्या तारांकित प्रश्नांत नंबर लागणे सोडतीवर अवलंबून असते. तेव्हा अधिवेशन सुरू झाल्यावर पाठवलेले निवेदन बहुधा पुढच्या अधिवेशनावर जाते. अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात, कारखान्याचे नाव, गाळप हंगाम, घातलेला ऊस आणि थकलेली रक्कम असे चार तपशील एका कागदावर लिहून पाठवावेत. चौकाचौकांतून गोळा केलेल्या सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा प्रश्न तयार करणाऱ्या स्वीय सहायकाला हा एक कागद जास्त उपयोगी पडतो.

खासदार निधीचा विषय याच पत्रात आला आहे. दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. लोकसभेच्या सदस्याने ती प्रामुख्याने आपल्या मतदारसंघात सुचवायची असतात, राज्यसभेच्या निर्वाचित सदस्याला राज्यात कुठेही सुचवता येतात. शेतरस्त्यासाठी दोघांनाही अर्ज द्यायला हरकत नाही, पण एकच काम दोघांकडे मागितले असल्यास ते अर्जात लिहावे, नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयात दोन्ही प्रस्ताव एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत पडून राहतात.